डॉलरला बाईचा हात लागतो, हिशेबाला लागत नाही

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात. या छापखान्यात रुपया छापता येतो, डॉलर छापता येत नाही. डॉलर कमवावा लागतो, उसना घ्यावा लागतो, नाही तर काहीतरी गहाण टाकून मिळवावा लागतो. तेल, औषधे, यंत्रे, खते विकणारा परदेशी व्यापारी आपला रुपया घेत नाही, तो डॉलर मागतो. तिजोरीतले डॉलर संपले की देशाच्या गाडीचे चाक थांबते. परकीय चलनाची टंचाई म्हणतात ती एवढीच. ती समजायला मोठी पदवी लागत नाही. महिनाअखेरीला डब्यातले पैसे संपल्यावर किराणा दुकानदारासमोर उभी राहणारी कोणतीही बाई ती समजू शकते.

तरीही आपल्या गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की माना खाली जातात. हुंडा, मारहाण, पोटगी, दारूबंदी यावर आपण तासन्‌तास बोलतो. परकीय चलन आणि परदेशी कंपन्या म्हटले की ‘ते पेपरवाल्यांचे, पुढाऱ्यांचे’ असे म्हणून सोडून देतो. मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथेही ‘स्त्रियांचे प्रश्न’ एका पेपरात आणि ‘विकासाचे अर्थकारण’ दुसऱ्या पेपरात होते. एकात अर्थकारण नव्हते, दुसऱ्यात बाई नव्हती. नंतर निफाड-दिंडोरीच्या बागांमधून आणि लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या खळ्यांवरून फिरताना हे दोन पेपर एकाच बाईच्या अंगावर लिहिलेले दिसले. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सरळ आहे. देशाला लागणारा डॉलर मोठ्या प्रमाणात बायका कमावतात. तो खर्च कसा करायचा, कोणाच्या खिशात जाऊ द्यायचा, हे मात्र पुरुष, सरकारे आणि मोठ्या कंपन्या ठरवतात. आणि डॉलर आटला की वसुली पुन्हा बायकांकडूनच होते.

शेजारच्या बेटावर काय झाले

हे सगळ्यात उघडेनागडे दिसले ते श्रीलंकेत. आपल्या कांद्याचे हे जुने गिऱ्हाईक. लासलगावचा कांदा बांगलादेश, मलेशिया, आखाती देशांबरोबर लंकेतही जातो. तिथल्या बाजारात डॉलर संपले तर आपल्याकडच्या गोणीलाही धक्का बसतो. म्हणून लंकेची गोष्ट परक्याची नाही.

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंका सरकारने जाहीर केले की परदेशी कर्जाचे हप्ते आता भरता येणार नाहीत. सुमारे ५१ अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज डोक्यावर होते. कारणे अनेक होती. २०१९ च्या ईस्टरला झालेले बॉम्बस्फोट आणि पाठोपाठ कोविड यांमुळे पर्यटन बसले. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने करांत मोठी कपात केली, तिजोरी रिकामी झाली. चढ्या व्याजाने आंतरराष्ट्रीय बाजारातून कर्ज उचललेले होते. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, पिके पडली. यातला एकही निर्णय चहाच्या मळ्यातल्या किंवा शिलाईच्या कारखान्यातल्या बाईला विचारून घेतलेला नव्हता.

परिणाम मात्र तिच्या दारात आले. मार्च २०२२ मध्ये कोलंबो बंदरात अन्नधान्याचे हजाराहून अधिक कंटेनर पडून होते, कारण ते सोडवायला डॉलर नव्हते. दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती. स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांच्यासाठी रांगा लागल्या. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचली आणि अन्नाची महागाई नव्वद टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे वर्षभरापूर्वी शंभर रुपयांत येणारे वाणसामान जवळजवळ दुप्पट किमतीला.

घरात अन्न कमी पडले की कोण कमी खाते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. गॅस नसला की लाकूडफाटा कोण गोळा करते, रांगेत लेकरू कडेवर घेऊन कोण उभे राहते, आजारी सासऱ्याचे औषध मिळाले नाही की बोलणी कोण खाते? ‘राष्ट्रीय संकट’ असे भारदस्त नाव असलेली गोष्ट शेवटी चुलीपाशी येऊन बसते, आणि चुलीपाशी बाई असते.

मग डॉलर कमावले होते कोणी?

लंकेची परकीय चलनाची कमाई कशावर चालते ते पाहा. पहिला आधार तयार कपडे. देशाच्या मालनिर्यातीत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. १९७८ साली कटुनायके येथे पहिले मुक्त व्यापार क्षेत्र निघाले. तेव्हापासून या कारखान्यांतल्या शिलाईयंत्रांवर बहुसंख्येने खेड्यांतून आलेल्या तरुण मुली बसल्या आहेत. दुसरा आधार चहा. मळ्यांत पाने खुडणाऱ्या बहुतेक मलयगा तमिळ बाया, इंग्रजांनी तमिळनाडूतून नेलेल्या मजुरांच्या नाती-पणती. तिसरा आधार परदेशांतून येणारी मजुरीची रक्कम. तिच्यात आखाती देशांत घरकाम करणाऱ्या हजारो बायांचा घाम आहे. २०२० साली या मार्गाने सात अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली.

हॉटेले, विमाने, झगमगीत मॉल यांचे फोटो पर्यटनाच्या पत्रकांवर असतात. पण देशाची तिजोरी उभी असते ती शिलाईयंत्रावर, चहाच्या टोपलीवर आणि परक्या घरातल्या फरशीवर.

आणि या बायांना मिळाले काय? २०२१ साली मळ्यातल्या मजुराचा रोज एक हजार लंकन रुपये ठरला. तोही कित्येक वर्षांच्या मागणीनंतर. त्या वेळी डॉलर दोनशे रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रोज पाच डॉलर. २०२२ मध्ये रुपया कोसळून डॉलर तीनशे साठवर गेला. तोच हजार रुपये रोज पावणेतीन डॉलरवर आला. तिने खुडलेला चहा परदेशात डॉलरमध्येच विकला जात होता. टोपलीचे वजन तेच, पाठीवरचा पट्टा तोच, जळवा त्याच. फक्त तिच्या मजुरीतून जवळपास निम्मी किंमत गळून पडली. ही चोरी कोणत्या पोलीस ठाण्यात नोंदवायची?

आखातात जाणाऱ्या बायांचे पाहा. रिझाना नफीक ही लंकेची गरीब घरची मुलगी, वय वाढवून काढलेल्या पासपोर्टवर घरकामाला सौदी अरेबियात गेली. तिच्या हाती सोपवलेल्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूबद्दल तिला दोषी ठरवून जानेवारी २०१३ मध्ये तिचा शिरच्छेद केला गेला. देश हादरला. मग सरकारने सौदीत घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय किमान पंचवीस हवे असा नियम केला. बायांच्या हिंडण्याफिरण्यावर सरकारने वयाची बंधने घालावीत का, याबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहू देत. पण पुढचे वाचा. जून २०२२ मध्ये डॉलरचा खडखडाट झाल्यावर त्याच सरकारने ही मर्यादा खाली आणून सगळ्या देशांसाठी एकवीस केली. हे नऊ वर्षांत बायांना हक्क मिळाले म्हणून झाले नाही. परदेशातली घरे सुरक्षित झाली म्हणूनही नाही. डॉलर हवे होते, म्हणून झाले. लेकीची काळजी सरकारला डॉलर होते तोपर्यंतच होती.

साखळ्या कशा चालतात

आता परदेशी साखळ्यांकडे वळू. शहराशहरांत एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच चवीची दुकाने काढणाऱ्या कंपन्यांना मी साखळ्या म्हणते. पिझ्झा-बर्गरची दुकाने, कपड्यांची दुकाने, सुपरमार्केट, हॉटेले. त्यांना दोन तोंडे असतात. एक तोंड विकते, दुसरे विकत घेते.

विकणारे तोंड आधी पाहू. एखाद्या लहान देशात असे दुकान उघडते तेव्हा इमारत तिथली, मुले-मुली तिथली, गिऱ्हाईक तिथले. पण नाव वापरल्याबद्दलची रॉयल्टी परदेशात जाते. मसाले, चीज, यंत्रे, कित्येकदा पुठ्ठ्याची खोकीसुद्धा बाहेरून येतात. शेवटी उरलेला नफा मालकाच्या देशात जातो. गिऱ्हाईक रुपये देते, पण बाहेर जाणारा प्रत्येक पैसा डॉलर होऊन जातो. मोठ्या देशाला हा ओघळ जाणवत नाही. ज्या बेटाकडे मुळात चार निर्यातीच्या वस्तू आहेत, त्याच्या हंड्याला हे भोक फार मोठे असते.

मालदीवचे उदाहरण बोलके आहे. मालदीवची परकीय चलनाची भिस्त जवळजवळ सगळी पर्यटनावर. एकेक बेट एकेका रिसॉर्टला दिलेले, त्यांतली कित्येक परदेशी हॉटेल-साखळ्यांच्या हाती. खोलीचे भाडे डॉलरमध्ये, आणि ते बऱ्याचदा परदेशातच जमा होते. लाखो पर्यटक येत असताना देशाच्या बँकेत मात्र डॉलर नाहीत, अशी अवस्था २०२४ मध्ये आली. शेवटी ऑक्टोबर २०२४ पासून सरकारला नियम करावा लागला की रिसॉर्टांनी दर पर्यटकामागे ५०० डॉलर देशातल्या बँकेत आणून बदलून घ्यावेत. त्याच महिन्यात भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची सोय करून दिली. समुद्र त्यांचा, वाळू त्यांची, आणि डॉलरसाठी हात मात्र शेजाऱ्यापुढे पसरायचा. या रिसॉर्टांतल्या नोकऱ्यांत मालदीवच्या स्त्रियांचे प्रमाण अगदी थोडे आहे. घरापासून दूरच्या बेटावर बाईने राहू नये, असे समाज म्हणतो. परक्या साखळीचा नफा आणि घरच्या पुरुषसत्तेचा उंबरठा यांचे इथे छान जमते.

विकत घेणारे तोंड आणखी लबाड आहे. २०२० साली कोविड सुरू होताच युरोप-अमेरिकेतल्या कपड्यांच्या बड्या साखळ्यांनी बांगलादेश, श्रीलंका यांसारख्या देशांना दिलेल्या ऑर्डरी रद्द केल्या. काहींनी तर शिवून तयार झालेल्या मालाचेही पैसे थांबवले. जोखीम विकत घेणाऱ्याची, तोटा शिवणारीचा. तिचा पगार थांबला, खोलीभाडे थांबले नाही. आणि लंकेच्या तिजोरीत यायचे तेवढे डॉलर त्या वर्षी आले नाहीत. दोन वर्षांनी जे दिवाळे निघाले त्यात हाही एक वाटा होता. कर्जबुडवे म्हणून नाव मात्र देशाचे झाले, साखळ्यांचे नाही.

काचा फोडणाऱ्यांत आम्ही नाही

इथे एक खुलासा करणे जरूर आहे. परदेशी साखळ्यांविरुद्ध बोलले की लगेच दोन प्रकारचे लोक पुढे येतात. एक म्हणतात, ‘बरोबर आहे ताई, आपली संस्कृती बुडाली. मुली जीन्स घालून बर्गर खायला लागल्या.’ या मंडळींशी आपले काही देणेघेणे नाही. मुलीने काय घालावे, कोणाबरोबर कुठे बसावे, हे ठरवायला निघालेल्यांना स्वदेशी हे नाव फक्त सोयीचे वाटते. त्यांच्या घरची सून चार वाजता उठून पाणी भरते तेव्हा त्यांना संस्कृती बुडाल्यासारखे वाटत नाही.

दुसरे म्हणतात, ‘ताई, या दुकानांनी मुलींना नोकऱ्या दिल्या. गावातला शेठ आठशे रुपये कमी देतो, शिवाय अंगचटीला येतो. तिथे निदान गणवेश आहे, पगार बँकेत येतो.’ हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. कॉलेज रोडवरच्या अशा दुकानांत काम करणाऱ्या मुलींशी मी बोलले आहे. हातात स्वतःचा पगार येणे, रात्री नऊनंतर घराबाहेर असण्याची घरच्यांना सवय होणे, या त्यांच्यासाठी खऱ्या गोष्टी आहेत. देशी मालक हा बाईचा मित्र असतो असे मानण्याचे कारण नाही. कांद्याचा व्यापारी देशी आहे, द्राक्षबागाईतदार देशी आहे, मुकादम तर गावचाच आहे. म्हणून आपला प्रश्न मालक गोरा की काळा असा नाही. आपला प्रश्न असा आहे की मुलीला जी नोकरी मिळाली त्यात युनियन करायचा हक्क आहे का? ती पक्की आहे की अकरा महिन्यांची? आणि तिच्या कामातून आलेल्या पैशातला किती इथे राहतो, किती बाहेर जातो, हे तिला कोणी सांगते का? नोकरी दिली म्हणून हिशेब विचारायचा नाही, हे कुठले न्यायाचे?

आपल्याकडे काय झाले होते

लंका लहान म्हणून बुडाली, आपण मोठे आहोत, असे कोणी म्हणेल. त्यांना १९९१ ची आठवण करून द्यावी लागेल. मी तेव्हा अंगणवाडीच्या वयाची होते. हे सारे मी नंतर वाचून आणि मोठ्या बायांकडून ऐकून शिकले.

आखाती युद्धाने तेल महागले, कुवेतमधून आपली माणसे परत आली, त्यांच्याकडून येणारा पैसा आटला. परदेशस्थ भारतीयांनी बँकांतल्या ठेवी काढून घेतल्या. १९९१ च्या उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. मे महिन्यात २० टन सोने स्विस बँकेला विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर उभे केले. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैच्या अंदाजपत्रकात खते, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस आणि रेशनची साखर महाग झाली. पुढच्या तीन वर्षांत रेशनच्या गहू-तांदळाचे भाव पुन्हा पुन्हा वाढले. आणि याच टंचाईचे कारण सांगून परदेशी कंपन्यांना दारे उघडली गेली. डॉलर संपले म्हणून साखळ्या आल्या, हा क्रम विसरू नका. १९९५-९६ मध्ये बंगळूर, दिल्ली, मुंबईत परदेशी खाद्यसाखळ्यांची पहिली दुकाने उघडली.

देशाचे सोने गहाण पडले तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले. पण गावोगाव सावकाराकडे, सोनाराकडे बाईचे मंगळसूत्र, डोरले, पाटल्या गहाण पडतात तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी येते? पेरणीला, मुलाच्या फीला, नवऱ्याच्या दवाखान्याला हे सोने जाते आणि बहुधा सुटून येत नाही.

उलट सोन्याचा दोष बाईवरच येतो. २०१३ साली पुन्हा परकीय चलनाची ओढाताण झाली. सोन्यावरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेले गेले, अर्थमंत्र्यांनी लोकांना सोने घेऊ नका असे आवाहन केले. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर चर्चा काय झाली? भारतीय बायकांची सोन्याची हाव देशाला बुडवते आहे! मैत्रिणींनो, याला उत्तर आपण द्यायला हवे होते. बाई सोने का धरून ठेवते? कारण सातबारा तिच्या नावावर नाही. घर तिच्या नावावर नाही. बँकेतली ठेव नवऱ्याच्या नावावर. सासरहून हाकलून दिल्यावर अंगावर असेल तेवढेच तिचे. नाशिक जिल्ह्यातल्या परित्यक्ता बायांच्या बैठकीत विचारा, नेसत्या लुगड्यानिशी निघालेली आणि दोन पाटल्या घेऊन निघालेली यांच्यात काय फरक पडतो ते. सोन्याची आयात कमी करायची असेल तर आवाहने करू नका. जमीन आणि घर बाईच्या नावावर करा.

हे मागणे नवे नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. त्यातूनच पुढे बाईच्या नावावर जमीन करून देण्याचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकरी संघटनेच्या खुल्या बाजाराच्या भूमिकेशी आपल्यातल्या पुष्कळजणींचे पटले नाही, आजही पटत नाही. पण शेतीचे अर्थकारण आणि बाईचा हक्क एकाच मांडवात बोलता येतात, हे चांदवडने दाखवले. ते आपण पुढे किती नेले?

कांदा, द्राक्ष आणि न मोजलेली बाई

आता घरचे पाहू. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे देशाला परकीय चलन मिळवून देतात. वर्तमानपत्रात ‘शेतकऱ्याने साता समुद्रापार झेंडा रोवला’ असे छापून येते. फोटोत पागोटे नाही तर टोपी असते.

कांद्याचे रोप लावते कोण? वाकून वाकून खुरपते कोण? काढणीला पात कापते, चाळीत भरताना निवडते, खळ्यावर लहान-मोठा वेगळा करते कोण? द्राक्षबागेत मान वर करून दिवसभर घडांची विरळणी करते, औषधाच्या पाण्यात घड बुडवते, पॅकहाऊसच्या गारठ्यात उभी राहून मणी तपासून डबे भरते कोण? पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बाया टोळीने उतरतात, बागेच्या कडेला पाल टाकून राहतात. बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असतो आणि कारण विचारले तर ‘बाईचे काम हलके’ असे उत्तर मिळते. युरोपातल्या सुपरमार्केट-साखळीचा माणूस येतो, तो मण्याचा घेर मोजतो, साखर मोजतो, औषधाचा अंश मोजतो. एका पॅकहाऊसमध्ये मी विचारले की ते बायांच्या संडासाची पाहणी करतात का? देखरेख करणारा हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, कागदावर आहे.’

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलेच होते. लिलाव बंद पडले, भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले. ते रास्तच होते. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी दिली. मॉरिशसला मराठी घरे आहेत, त्यांच्या फोडणीचा कांदाही दिल्लीच्या कागदावर मोजला गेला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, आणि निर्यातशुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. या सगळ्या काळात टनांचा हिशेब झाला. व्यापाऱ्यांच्या नुकसानीचा आकडा निघाला, शेतकऱ्यांचाही निघाला. खळ्यावर रोज निवडायला जाणाऱ्या बाईचे किती दिवस बुडाले, हा आकडा कोणी काढला? कृषी खात्याने? कामगार खात्याने? बाजार समितीने? आपण तरी?

आणि बंदीचे कारण काय सांगितले गेले? ‘गृहिणींना दिलासा.’ शहरातल्या बाईच्या भाजीच्या पिशवीचे नाव सांगून खेड्यातल्या बाईचा रोज काढून घेतला. हा डाव जुना आहे. एका बाईला दुसरीविरुद्ध उभे करायचे आणि मधला व्यापारी व वरचा पुढारी नामानिराळे ठेवायचे. शहरातल्या मैत्रिणींनी ठणकावून सांगायला हवे की आमच्या नावाने हे करू नका. आम्हाला स्वस्त कांदा हवा असेल तर रेशनवर द्या, साठेबाजाला धरा. निवडणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊन आलेला दिलासा आमचा नव्हे.

काय करायचे

नुसती टीका करून भागणार नाही. पुढच्या तिमाहीत प्रत्येक गटाने निदान यातले काही करावे, असे माझे सुचवणे आहे.

पहिले, आपापल्या तालुक्यात जो माल परदेशी जातो त्याच्या कामावरच्या बायांची नोंद आपणच करावी. किती जणी, किती दिवस, किती रोज, पुरुषाला किती. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे. वहीत आकडे असतील तर कामगार अधिकाऱ्यासमोर बोलता येते. नुसत्या तक्रारीला ‘कागद आणा’ असे उत्तर मिळते.

दुसरे, निर्यातबंदी किंवा शुल्क लावताना बुडणाऱ्या मजुरीची भरपाई त्याच आदेशात हवी, अशी मागणी शेतकरी संघटनांच्या मागणीपत्रात घालायला लावावी. मजुराला काम देण्याची जबाबदारी सरकारची, हे तत्त्व याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीच्या कायद्यात घातले. ते काही कोणाची मेहेरबानी नव्हती.

तिसरे, निर्यात करणाऱ्या प्रत्येक पॅकहाऊसमध्ये संडास, पाळणाघर, हजेरी कार्ड आणि औषध हाताळताना हातमोजे हवेत. आणि ते तपासायला परदेशी साखळीचा माणूस येईल तेव्हा तो मालकाशी नव्हे, बायांशी बोलला पाहिजे. मण्याचा घेर मोजणाऱ्याला तेवढा वेळ असतो.

चौथे, परदेशी साखळ्यांनी इथून रॉयल्टी आणि नफा म्हणून किती नेले, इथे मजुरी म्हणून किती दिले, हे दरवर्षी सोप्या मराठीत जाहीर व्हावे. दुकानाच्या दारावर लावावे. पिझ्झ्याचा भाव लावता, तर हाही लावा.

पाचवे, हा विषय महिला मंडळात, बचत गटात, शिबिरात शिकवावा. बचत गटातली बाई शंभर रुपयांच्या कर्जाचे व्याज तोंडी सांगते. तिला देशाच्या कर्जाचे व्याज कळणार नाही असे समजणे हा तिचा अपमान आहे.

लंकेच्या चहामळ्यातली, कटुनायकेच्या शिलाईयंत्रावरची आणि निफाडच्या खळ्यावरची बाई एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांनी कमावलेला डॉलर मात्र एकाच बाजारात जाऊन मिसळतो. तिथे तो कोणाच्या खात्यात जमा होतो आणि कोणाच्या ताटातून कमी होतो, याची वही अजून कोणी लिहिलेली नाही. ती आपण लिहायला घेऊया. पहिल्या पानावर आकडा नव्हे, तिचे नाव लिहूया, आणि पुढे तिच्या एका दिवसाचा रोज.